हप्ता संपावर जात नाही

२०२५ च्या जुलैत एका दिवसात माझ्या भाच्याला चार नवे मामा मिळाले. झालं असं की ॲप कॅबवाल्यांचा संप होता, तिकडं मुंबईत आझाद मैदानात ड्रायव्हर लोक बसलेले, पुण्यात पण बऱ्याच जणांनी गाड्या उभ्या करून ठेवलेल्या, आणि आमचा हा पोऱ्या वाकड-हिंजवडी साइडला गाडी घेऊन फिरत होता. चोरून. डॅशबोर्डवरचा मोबाइलचा होल्डर उपटून सीटखाली टाकलेला, मोबाइल मांडीखाली, एका कानात इअरफोन घालून मॅपवाली बाई काय सांगते ते ऐकायचं, आणि पॅसेंजर आला की काच खाली करून हळूच सांगायचं, साहेब मागं नका बसू, पुढं बसा, कुणी अडवलं तर मी तुमचा भाचा आहे म्हणा. आता पिवळी नंबर प्लेट काय मांडीखाली लपते का, पण माणूस घाबरला की जे लपवता येतं ते लपवतो. चार जण मामा व्हायला तयार झाले. एका पोरीनं घाबरून ट्रिप कॅन्सल केली, तिचं पण बरोबरच आहे म्हणा.

रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "मामा, आज चार मामा करी उनू मी." म्हणजे करून आलो. मी हसलो, तो पण हसला, मग जरा वेळ गप्पच. मग म्हणे भूमकर चौकात सिग्नलला गाडी थांबली तर बाजूला बाइकवर एरंडोलकडचा एक ओळखीचा ड्रायव्हर, त्यानं दोन दिवस गाडी काढली नव्हती. त्यानं भाच्याकडं पाहिलं, पुढं बसलेल्या पॅसेंजरकडं पाहिलं, आणि सिग्नल सुटल्यावर निघून गेला. शिवी नाही, दगड नाही, काही नाही. "नुसता पाहून गेला ना मामा. काच फोडली असती तर बरं वाटलं असतं."

हे बरेच महिने डोक्यात होतं, आज दुकानात गर्दी नाही तर लिहून काढतो.

माझं पारोळ्याजवळ कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. म्हणजे जुलै महिना मला जेवढा कळतो तेवढा क्वचित कुणाला कळत असेल. कपाशीला पहिला डोस द्यायचा असतो, निंदणीची मजुरी रोख लागते, पोरांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, घरात मागच्या कापसाचा रुपया उरलेला नसतो, आणि जो येतो तो काउंटरवर हात ठेवून एकच वाक्य बोलतो, "भाऊ, लिहून घ्या." माझी उधारीची वही जुलैत सगळ्यात जाड असते. भाच्याच्या घरची पण त्यात एक ओळ आहे, दाजींची तीन एकर कोरडवाहू, त्याचं युरिया आणि पोटॅशचं. तर पुण्यात संप जुलैत लागला तेव्हा मला आधी ते पान दिसलं.

आता त्याचा हिशोब सांगतो, कारण लोक टीव्हीवर संप बघतात आणि म्हणतात एक दिवस गाडी बंद ठेवली तर काय मरतात का. सीएनजी गाडी आहे, पावणेसहा लाखाचं कर्ज, महिन्याला १३,४०० हप्ता, पाच वर्षं. डाउन पेमेंटला अक्काची पोत मोडली. दिवसभरात बारा-तेरा तास चालवून २६०० च्या आसपास धंदा होतो, त्यातले साडेसहाशे ॲपवाल्याचे, सातशे गॅसचे, दीडशे चहा-पाणी-पार्किंग. राहिले अकराशे. महिन्यात सव्वीस दिवस असं गेलं तर २८,६०० आणि त्यातून हप्ता काढा, रूमचं भाडं काढा (चौघं राहतात एका रूमवर), इन्शुरन्स, फिटनेस, टायर, सर्व्हिसिंगचं महिन्याला थोडं थोडं बाजूला ठेवा, मग जे पाचेक हजार उरतात ते गावाला येतात आणि त्यातूनच माझ्या वहीतली ती ओळ खोडली जाते. त्याचा हप्ता कटायची तारीख १८. संप १५ ला लागला. खात्यात त्या दिवशी नऊ हजार होते. तीन दिवसांत साडेचार हजार जमवायचे, मधे गॅस पण भरायचा, आता सांगा.

आणि हप्ता बाउन्स झाला तर नुसतं उशिरा भरलं असं होत नाही. फायनान्सवाल्याचे ५९० लागतात, पाचशे दंड आणि त्यावर जीएसटी. बँक वेगळे कापते. दंडावर जीएसटी ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या पाया पडलं पाहिजे. मग वसुलीवाल्याचे फोन, आधी त्याला, मग जामीनदाराला. जामीनदार कोण, तर मी.

मी बराच विचार केला की याच्यासारखं आपल्याकडे काय आहे, तर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार ठरतो हे सगळ्यांना माहीतच आहे, वर्षाचे पैसे ठरतात आणि त्यातली मोठी उचल आधीच घेतलेली असते, पोरीचं लग्न म्हणा, दवाखाना म्हणा. मग वर्षभर मालक काही बोलो, पाऊस असो, अंग दुखो, उचल फिटल्याशिवाय सालदार हलू शकत नाही. भाच्यानं पण उचलच घेतली आहे, फक्त त्याची आखाजी पाच वर्षांनी येणार. पण सालदाराचं एक बरं असतं, उचल देणारा आणि काम सांगणारा एकच माणूस असतो. भांडायचं तर त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येतं, चार लोक मधे पडतात, काहीतरी ठरतं. इथं उचल दिली एकानं आणि काम देतो दुसराच, तो दुसरा तर म्हणतो तू माझा नोकर नाहीच, तू पार्टनर आहेस. संप त्या दुसऱ्याविरुद्ध. पहिल्याला संपाशी काही देणंघेणंच नाही, त्याच्या कॉम्प्युटरला १८ तारीख कळते, बस.

बरं भाच्याला संप मान्य नव्हता का? हेच तर लोकांना कळत नाही. त्याला शंभर टक्के मान्य होता. पुण्यात आरटीएनं, म्हणजे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं, २०२४ च्या जानेवारीत एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढं किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवून दिलाय. भाच्याचा आकडा, रिकामं फिरणं धरून, तेरा-चौदाच्या वर जात नाही. कागदावरचे पंचवीस आणि हातातले तेरा याच्यामधलं अंतर मोजायला त्याला कुठल्या पुढाऱ्याची गरज नाही, तो रोज रात्री मोजतो. नंतर सप्टेंबरात मुंबईत सरकारनं किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे ठरवले, ते काय आपोआप नाही झालं, कुणीतरी मैदानात बसलं होतं म्हणून झालं. म्हणजे जे बसले त्यांच्यामुळे जो बसला नाही त्याचा पण फायदा होऊ शकतो, आणि हेच त्याला जास्त लागतं. "संप करसू मामा, पन हप्ता कोन भरी?" या वाक्यात दोन्ही अर्धे खरे आहेत, लोक सोयीचा अर्धा उचलतात.

मग मी त्याला विचारलं की संपात पुढं कोण कोण असतं. त्याच्या ओळखीतले सांगतो हां, सगळीकडे असंच असेल असा माझा दावा नाही. पुढं असतात ते ज्यांची गाडी क्लिअर झालीय, हप्ता संपलाय. किंवा बायको पण कमावते. किंवा पुण्याच्या जवळपास घरचं घर आहे, रूमभाडं नाही. मधे असतात भाच्यासारखे, ज्यांचं कर्ज चालू आहे. आणि सगळ्यात खाली ते, ज्यांची गाडीच स्वतःची नाही, मालकाला रोजचे आठशे-हजार द्यायचे आणि वर जे सुटेल ते आपलं. त्याची गाडी उभी राहिली तर कमाई शून्यावर थांबत नाही, ती शून्याच्या खाली जाते, कारण मालक म्हणतो संप तुझा, माझे आठशे ठेव. आता मीटिंगमधे ठराव कोण मांडतो, तर पहिला. आणि काच कुणाची फुटते, तर तिसऱ्याची, आणि ती भरून कोण देतो, तर तोच. मला पहिल्याचा राग नाही, पुढं कुणीतरी पाहिजेच आणि ज्याला परवडतं तोच पुढं होणार, पण मग त्यानं मागं वळून बघायला पाहिजे की आपल्या मागं कोण आहे आणि त्याच्या खिशात काय आहे.

यात ॲपचा खेळ वेगळाच. संपाच्या दिवशी गाड्या कमी झाल्या की भाडं वाढतं, ते सगळ्यांना माहीत आहे, पण ड्रायव्हरच्या मोबाइलवर ते कसं दिसतं ते मी पाहिलं, त्यानं स्क्रीनशॉट पाठवला होता. नकाशावर हिंजवडी, बाणेर, एअरपोर्ट साइडला नुसते लाल डाग, कांजिण्या आल्यासारखे, आणि प्रत्येक डागावर आकडा. रोज ज्या ट्रिपचे दोनशे मिळतात तिचे साडेतीनशे. म्हणजे संप जेवढा चांगला चालणार तेवढं संप मोडायचं बक्षीस मोठं होत जाणार. कुणी तिकडं बसून मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही, त्या हिशोबाची रचनाच तशी आहे, गाड्या कमी तर रेट जास्त. पण ज्याच्या डोक्यावर १८ तारीख आहे त्याच्यासमोर तो लाल नकाशा धरणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीच्या दारात उभं करण्यासारखं आहे. आणि चार दिवस ऑफलाइन राहिलं की पुढं ट्रिप कमी पडतात अशी भीती प्रत्येक ड्रायव्हरच्या मनात असते. खरी असो की खोटी, भीती तर असतेच ना.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. २०१९ मधे उबर अमेरिकेत शेअर बाजारात उतरणार होती, १० मे ला, एका शेअरला ४५ डॉलरनं. त्याच्या दोन दिवस आधी, ८ मे ला, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, लंडन अशा बऱ्याच शहरांत ड्रायव्हर लोकांनी ॲप बंद ठेवलं. न्यूयॉर्कला ज्या टॅक्सीवाल्यांच्या युनियनचं नाव तेव्हा सगळीकडे होतं तिच्या पुढारी भैरवी देसाई, म्हणजे बघा, जन्म आपल्या शेजारच्या गुजरातचा. तिथं पण हाच प्रश्न होता, ज्याला भाडं भरायचंय तो काय करणार. कुठं एक दिवस, कुठं नुसते काही तास बंद. तासांचा संप का, तर लोकांना तेवढाच परवडतो.

तिकडची अजून एक गोष्ट मला फार लागली. २०२३ च्या सप्टेंबरमधे अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांच्या कामगारांनी संप केला, यूएडब्ल्यू म्हणून त्यांची युनियन आहे, तर संपावर असलेल्या प्रत्येकाला युनियनच्या फंडातून आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. फंड केवढा, तर ८२ कोटी डॉलरच्या वर. वर्षानुवर्षं वर्गणी साठवलेली. म्हणजे गाडी बनवणाऱ्याला संपाचे पैसे मिळतात आणि तीच गाडी चालवणाऱ्याला नाही, कारण चालवणारा कुणाचा कामगारच नाही, तो स्वतःचा मालक. स्वतःच्या मालकाविरुद्ध संप केल्यावर फंड कोण देणार.

८ मे वरून आठवलं. आपल्या भुसावळला ही तारीख जुन्या लोकांना आजही माहीत आहे, १९७४ चा रेल्वेचा संप ८ मे लाच सुरू झाला, जॉर्ज फर्नांडिस पुढारी, आणि २७ मे पर्यंत वीस दिवस चालला. आमच्या सासरेबुवांचे थोरले भाऊ तेव्हा भुसावळच्या लोको शेडला होते, आता ऐंशी पार आहेत, कान गेलेत पण आवाज अजून इंजिनाच्या वर चढवून बोलायची सवय. क्वार्टर खाली करायच्या नोटिसा आल्या तर त्यांनी बायको-पोरं यावलकडे सासरी पाठवून दिली. मी त्यांना विचारलं, वीस दिवस खाल्लं काय? तर म्हणे बाजारातल्या वाण्यानं उधारी थांबवली नाही. वर स्वतःहून निरोप पाठवला की ज्याचा संप आहे त्याचं पान वेगळं काढतो, व्याज नाही. "संप जॉर्जनं नाही चालवला, त्या वाण्यानं चालवला," असं म्हणतात आणि हसतात. मी दुकानदार असल्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते, हे मान्य करतो.

पण त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची. त्यांच्या शेडमधला एक जण संपात कामावर जात राहिला. त्याच्या पोरीचं लग्न त्याच मे महिन्यात धरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, नोकरी गेली तर लग्न मोडणार. शेडमधल्या लोकांनी ठरवलं की लग्नाला जायचं पण पंगतीत बसायचं नाही. गेले, अक्षता टाकल्या, आणि तीस-चाळीस माणसं न जेवता परत. अन्न तसंच राहिलं. "पन्नास वर्षं झाली, तो वारला, पण मला अजून ती मांडलेली पत्रावळ दिसते," म्हणे. "आम्ही वर्गणी काढून त्याला म्हणायला पाहिजे होतं की लग्न आम्ही लावतो, तू ड्युटीवर जाऊ नको. ते नाही सुचलं आम्हाला. पंगतीतून उठायचं तेवढं सुचलं."

एसटीच्या संपात हेच माझ्या डोळ्यासमोर झालं. २०२१ च्या दिवाळीत सुरू झाला तो, विलीनीकरणाची मागणी, आणि हायकोर्टानं सांगितलं म्हणून २०२२ च्या २२ एप्रिलपर्यंत लोक परत कामावर आले. साडेपाच महिने पगार नाही. मी तेव्हा काळीपिवळीत दुप्पट भाडं देऊन धुळ्याला माल आणायला जायचो आणि मागच्या सीटवर बसून संपाला जोरदार पाठिंबा द्यायचो, फुकटचा पाठिंबा. माझा मावसभाऊ कंडक्टर. नोव्हेंबरच्या शेवटी सरकारनं पगारवाढ जाहीर केली, नव्या लोकांना पाच हजार, मधल्यांना चार, जुन्यांना अडीच, तेव्हा काही जण परत गेले, हा नाही गेला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. सोसायटीचं कर्ज, मावशीचं डायलिसिस. फेब्रुवारीत गेला कामावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली, आत हिरव्या बांगड्या. गावात कुणी केलं हे सगळ्यांना माहीत. त्याच्या बायकोनं पिशवी उघडली, ओट्यावर बसून सगळ्यांच्या समोर एक एक बांगडी हातात भरली आणि म्हणाली, मापाच्या आणल्यात भो, कोण आहे त्याला सांगा पुढच्या वेळी मावशीच्या डायलिसिसची सुई पण आण. तेव्हा सगळे हसले, पण मावसभाऊ आजही त्या गल्लीतून जात नाही, लांबून फिरून जातो.

मला त्या बांगड्यांची किंमत काढायची सवय लागलीय. दुकानदार ना. सत्तर-ऐंशी रुपयाच्या असतील, वर पिशवी. डेपोतल्या संपावरच्या लोकांनी तेवढेच सत्तर-सत्तर जमवले असते तर दवाखान्याचा एक फेरा निघाला असता, कदाचित तो अजून पंधरा दिवस थांबला असता. शंभर टक्के थांबला असता असं नाही म्हणत. पण कुणी विचारलंच नाही.

तर आता आम्ही काय केलं ते. फार मोठं काही नाही, आधीच सांगतो.

संपानंतर पंधरा-वीस दिवसांनी कानबाई होती, म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण, ३ ऑगस्टचा रविवार. खान्देशातला माणूस पुण्यात असो की सुरतला, कानबाईला येतोच. भाचा पिवळ्या प्लेटची गाडी घेऊन आला, बरोबर दोन पोरं, दोघं पण ड्रायव्हर, आणि त्यातला एक तो एरंडोलवाला! भूमकर चौकातला. मी म्हटलं हे कसं काय, तर म्हणे गाडीत जागा होती मामा, तो एसटीनं कशाला येईल. ड्रायव्हर लोकांचं हे असं असतं. रात्री जागरणाला बसलो, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा विषय निघाला, की घरातल्या प्रत्येक पुरुष माणसामागे सव्वा मूठ गहू निघतो आणि त्यात कुणी म्हणत नाही की माझं पीक बुडालं म्हणून मी मूठ नाही देत, सव्वा मूठ कुणालाही जमते. एरंडोलवाला पोऱ्या म्हणाला, काका, आमच्यात असं काही असतं ना, तर याला त्या दिवशी गाडी काढायला लागली नसती आणि मला पण याच्याकडं तसं पाहायला लागलं नसतं.

मग वाद. आमचे एक आबा आहेत, चुलत, ते भडकले. संप करायचा पोरांनी पुण्यात आणि गहू द्यायचा आपण? आपल्या कापसाच्या भावासाठी पुण्याहून कोण आलं होतं? त्यांचं पण खोटं नव्हतं, २०१७ च्या शेतकरी संपात त्यांनी स्वतः भेंडीची कॅरेट बाजारात नेली होती, रस्त्यात अडवून लोकांनी उलटी केली, भेंडी तुडवली, आणि त्या भेंडीच्या पैशात त्यांचा ठिबकचा हप्ता होता. म्हणजे संप न परवडणारा माणूस आमच्या घरातच बसला होता आणि तोच सगळ्यात जास्त विरोध करत होता. मी काही बोललो नाही. वाद चालू असताना काकूनं आतून दादर ज्वारीची अर्धी गोणी ओढत आणून ओसरीत ठेवली, आणि आबा म्हणाले, फक्त एवढीच.

नऊ घरांनी धान्य दिलं. गहू, दादर, तूरडाळ, थोडं तिखट. भाच्याच्या डिकीत सीएनजीच्या टाकीमुळे जागाच नसते, म्हणून मागच्या सीटवर गोण्या आणि ते दोघं पुढं एकाच सीटवर. त्यातला निम्मा माल आधी त्या पोरांच्या रूमवर ठेवला आहे, जे दुसऱ्याची गाडी चालवतात.

आणि पुण्यात चौदा जणांची भिशी सुरू केली, पारोळा, अमळनेर, एरंडोल, धरणगाव तालुक्यांतली पोरं, महिना पाचशे. ही भिशी कुणाला लागत नाही, ती साठत राहते. संप लागला की ज्याचा हप्ता त्या आठवड्यात आहे त्याला आधी, मग ज्याला मालकाला रोज द्यायचा आहे त्याला. जो पैसे घेईल त्यानं गाडी काढायची नाही. आणि ज्याला तरी पण काढावी लागेल त्याला कुणी काही बोलायचं नाही, कारण विचारायचं नाही. ही शेवटची अट भाच्यानं घातली आणि एरंडोलवाल्यानं लगेच हो म्हटलं. हिशोबाची वही माझ्याकडे, कारण त्यांचं म्हणणं, मामाला उधारी लिहायची सवय आहे.

चौदा पाचशे सात हजार. सात हजारात काय होतं, अर्धा हप्ता होतो. सात महिन्यांचे ४९,००० झाले, त्यातले अकरा हजार नोव्हेंबरात एकाच्या क्लचप्लेटला आणि अजून कशाकशाला दिले, तर त्यावरून ग्रुपवर जे भांडण पेटलं ते विचारू नका. एकाचं म्हणणं, गाडी बंद पडली म्हणजे संपच की. दुसरा म्हणे, मग उद्या टायर फुटला तर तो पण संप का. दोन जण ग्रुप सोडून गेले (भिशी नाही), एक परत आला. आता शिल्लक ३८,०००, म्हणजे पूर्ण तीन हप्ते पण नाहीत. वहीत मी क्लचप्लेटच्या पुढं "उसने" असं लिहून ठेवलंय, बघू.

केंद्राचा सामाजिक सुरक्षेचा कायदा २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्यात ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांसाठी द्यायचे असं आहे, अपघात, आजारपण, म्हातारपण यासाठी. चांगलंच आहे, यावं. पण १८ तारखेचं त्यात काही नाही, ते आपल्यालाच बघावं लागणार.

आता जे पुण्या-मुंबईत राहतात आणि रोज कॅबनं फिरतात त्यांच्यासाठी, कारण माझ्या ओळखीतले पण खूप जण तिकडं आहेत आणि संप लागला की ते मला विचारतात, मग आम्ही काय करायचं. माझं मत असं, संपाच्या दिवशी शक्य असेल तर ॲप उघडूच नका, एक दिवस बस, मेट्रो, मित्राची बाइक. पण दवाखाना आहे, म्हातारं माणूस आहे, गाडी लागणारच, तर जो आला त्याला "संप आहे ना, तू कसा काय?" असं विचारू नका. त्याला ते माहीत आहे हो. त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका, एका व्हिडिओत त्याची काच पण जाते आणि आयडी पण. पुढं बसा म्हणाला तर बसा. आणि नेहमीचा ड्रायव्हर चांगला वाटला तर त्याचा नंबर घेऊन ठेवा, संपानंतरच्या आठवड्यात एअरपोर्टला, गावाला जायचं असेल तर त्याला थेट फोन करा, संपात गेलेला दिवस असाच भरून निघतो थोडा थोडा. यात काही मोठा त्याग नाही. काही लोक म्हणतात संप मोडणाऱ्याच्या गाडीत बसणं म्हणजे संप मोडणंच, आणि मला त्याचं नीट उत्तर देता येत नाही. आजारी आईला घेऊन निघालेल्या माणसाला आणि १८ तारीखवाल्या ड्रायव्हरला मी तरी त्या एका तासासाठी एकाच बाजूला धरतो.

त्या दिवशीच्या चार मामांपैकी एकानं उतरताना भाच्याचा नंबर घेतला होता. हिंजवडीला कंपनीत आहे, मूळचा सोलापूरकडचा. दिवाळीत त्याचा फोन आला, "ओळखलं का, मी मामा बोलतोय," आणि घरच्यांना घेऊन सोलापूरला जायचं होतं, जाऊन-येऊन. भाच्याला वाटलं मीच आवाज बदलून मस्करी करतोय, तो म्हणे काय मामा, दारू पिले का. मग लक्षात आलं. त्या एका भाड्यात दोन दिवसांचं काम झालं. तेव्हापासून महिन्यातून एखाद वेळी फोन येतो. भाच्याच्या मोबाइलमधे आता दोन नंबर खाली-वर आहेत, मामा पारोळा आणि मामा हिंजवडी, आणि परवा त्यानं गडबडीत क्लचप्लेटच्या भांडणाचा मेसेज माझ्याऐवजी त्यालाच पाठवला. त्यानं उलट विचारलं, भिशीत मामांना घेतात का.

मी वहीत पंधरावी ओळ आखून ठेवलीय. चौदा जणांना अजून विचारायचंय.